वासावरून गाव

माझ्या लहानपणी आम्ही सांगलीहून मुंबईस जाताना रात्रीची गाडी धरत असू. डब्यातले दिवे मालवले जात, खिडक्यांच्या झडपा खाली ओढल्या जात आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, वरच्या फळीवर डोळ्यांवर रुमाल टाकून पडत. मग मध्येच, कोणी विचारलेले नसताना, रुमाल न काढताच ते म्हणत, "लोणंद आलं." मी झडप किंचित वर करून पाही. फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर खरोखरच लोणंद लिहिलेले असे. लोणंद ही कांद्याची मोठी पेठ. कांद्याने आमच्या घराचा उंबरा कधी ओलांडला नाही. परंतु प्रवासाचा एक टप्पा संपल्याची वर्दी आम्हांला तोच देई. पहाटे ओल्या शेवंतीचा आणि झेंडूचा वास आला की दादर. तेथून उपनगरी गाडीत बसल्यावर भाजत्या बिस्किटांचा गोडसर वास डब्यात शिरला की पार्ले. आत्याचे घर जवळ आले. "नाक आपल्या आधी पोचतं," अण्णा म्हणत, "आणि त्याला तिकीटही लागत नाही."

अण्णांचे नाक हे आमच्या पेढीचे भांडवल होते. तीन पिढ्यांचा आमचा हळदीचा व्यापार. सौद्याच्या दिवशी अण्णा पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळचे हळकुंड काढीत, ते मोडीत, मोडतानाचा आवाज कानाने टिपीत आणि तुकडा नाकाशी नेत. मग ते सांगत, "हळद चांगली शिजली आहे, पण वाळवताना दव लागलं," किंवा "यंदाची म्हणून दाखवली तरी ही गेल्या सालची आहे." हळदीचा रंग ज्या कर्क्युमिनने येतो त्याचे प्रमाण आज प्रयोगशाळा सांगते. हळदीचा वास मात्र तिच्यातील तेलाचा असतो. माल कोठे व किती दिवस पडून होता, त्यास ओल लागली का, धूर लागला का, हे पुष्कळदा नाकालाच आधी समजते.

एप्रिल २०२१ मध्ये अण्णांना करोना झाला. ताप आठ दिवसांत उतरला, अंगात हळूहळू बळही आले. वास मात्र परतला नाही. घरात प्रथम कोणाच्या लक्षात आले नाही. एके दिवशी आईने फोडणीत हिंग घातला आणि अण्णांनी पानावर बसल्यावर विचारले, "आज हिंग संपला होता का?" आईचा हात तसाच थांबला.

पुढल्या हंगामात ते सौद्याला उभे राहिले. सवयीने हळकुंड मोडले, नाकाशी नेले, क्षणभर थांबले आणि तो तुकडा माझ्या तळहातावर ठेवला. "तू सांग." मी आजवर पेढीचे हिशेब पाहिले होते, करांची विवरणे भरली होती, बँकेत जा-ये केली होती. नाकाचे काम माझ्याकडे कधी आलेच नव्हते. मी वास घेतला आणि म्हणालो, "चांगला आहे." अण्णा हसले नाहीत. म्हणाले, "चांगला हा वास नव्हे, तो भाव झाला. वास सांग."

मला सांगता आला नाही.

डॉक्टरांनी अण्णांना नाकाचा व्यायाम सांगितला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास, सकाळ-संध्याकाळ, प्रत्येकी थोडा वेळ, मन लावून घ्यायचे आणि तो वास पूर्वी कसा येत असे ते आठवायचे. अण्णांनी त्यात पाचवे हळकुंड घातले आणि सहावी एक लहान कुपी. ती मी पूर्वी कनौजहून आणली होती. कनौज ही एके काळची सम्राट हर्षवर्धनाची राजधानी. आज तिची ओळख अत्तराची. तेथे भाजलेल्या मातीचे तुकडे पाणी घालून तांब्याच्या मोठ्या डेगीत तापवतात. त्यांची वाफ बांबूच्या नळीतून 'भपक्यात' उतरते; त्यात चंदनाचे तेल असते आणि तो गार राहावा म्हणून पाण्यात ठेवलेला असतो. चंदनतेलात मातीचा वास मुरतो आणि पहिल्या पावसाचा सुगंध कुपीत भरता येतो. या वासाला पाश्चात्त्य विज्ञानात 'पेट्रिकोर' हे नाव मिळाले ते १९६४ मध्ये, इझाबेल जॉय बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांच्या लेखातून. कनौजचे कारागीर तो त्याच्या कितीतरी आधीपासून विकत होते. अण्णा ती कुपी नाकाशी धरून डोळे मिटत. मग उघडत आणि मान हलवीत. काहीच नाही.

अशा वेळी माणसाचे काय हरवते, हे मी तेव्हा वाचू लागलो. वासाचे कोडे उलगडल्याबद्दल रिचर्ड ॲक्सेल आणि लिंडा बक यांना २००४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या नाकात वास टिपणारे सुमारे ४०० प्रकारचे संवेदक असतात. त्यांच्या निरनिराळ्या जुळणीतून आपण असंख्य वास ओळखतो. डोळ्यांचे आणि कानांचे संदेश मेंदूत प्रथम एका मधल्या ठाण्यावर थांबून पुढे जातात. वासाचा संदेश त्या ठाण्यावर न थांबता भावना व आठवणी सांभाळणाऱ्या भागांपाशी थेट पोचतो. म्हणूनच एखादा वास आला की गाव आठवण्याआधी त्या गावी आपण किती आनंदात होतो किंवा किती घाबरलो होतो ते आठवते. अण्णांचे केवळ नाक बंद झाले नव्हते. पन्नास वर्षांच्या प्रवासाची वही बंद झाली होती.

२०२३ च्या जानेवारीत ते एकाएकी म्हणाले, "मट्टांचेरीला जाऊन येऊ." कोचीच्या या जुन्या पेठेत ते तरुणपणी हळद आणि मिरीच्या कामाने वरचेवर जात. "तिथे आता काय करणार?" आईने विचारले. "डोळ्यांनी मी पाहीन, वास हा घेईल," त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. त्यांची अट एकच होती : वाटेत प्रत्येक गावचा वास मी सांगायचा आणि 'चांगला' व 'घाण' हे दोन शब्द वापरायचे नाहीत.

मिरजेहून गाडी सुटली तेव्हा ऊस तोडणीचा हंगाम ऐन भरात होता. साखर कारखान्यांचा पट्टा सुरू होताच डब्यात एक जड वास भरला. माझ्या तोंडून 'घाण' निघणार होते. "मळीचा," मी म्हणालो. "ते मलाही ठाऊक आहे, जानेवारी आहे. कसा आहे?" मी पुन्हा घेतला. "आंबूस. गुळाला आंबट ताक लावावं तसा. वर थोडा धूर." अण्णांनी डोळे मिटले. "आता आलं," म्हणाले. त्यांना वास आला नव्हता. जागा आली होती.

त्या दिवशी मला आपल्या मराठीची श्रीमंती कळली. आंबूस, तुरट, उग्र, खमंग, करपट, कुबट, कुजट, खवट, मातकट, धुरकट, हिरवट. दरवळ, घमघमाट, दर्प. मिरचीचा खकाणा, फोडणीची खाट, बंद खोलीचा कोंदटपणा. आपल्या आजी-आईंनी स्वयंपाकघरात आणि वडीलधाऱ्यांनी वखारीत वापरलेले हे शब्द एकेक हेर होते. मी मात्र आयुष्यभर 'छान वास' आणि 'घाण वास' या दोन शब्दांवर भागवले होते. लोंढ्याजवळ गाडी रानात शिरली तेव्हा मी म्हणालो, "ओलसर, हिरवट, पाचोळा कुजतो तसा, पण शिळा नाही, थंड." गोव्यात उतरल्यावर आंब्याच्या मोहोराचा गोड-तुरट वास आणि त्यात मिसळलेला खारा वारा. अण्णा बोटांवर मोजल्यासारखे एकेक गाव लावून घेत होते.

कारवारच्या पुढे एक कोळीण सुक्या मासळीची टोपली घेऊन डब्यात चढली आणि दाराशी टेकली. आईने पदर नाकाला लावला. खिडकीकडे तोंड करून ती कितीतरी वेळ बसून राहिली. माझीही तीच अवस्था. अण्णा मात्र वाट पाहत होते. नाइलाजाने मी सुरुवात केली, "खारट... उन्हाचा... जुन्या दोराचा..." आणि थांबलो. थोड्या वेळाने भूक लागली म्हणून आईने डबा उघडला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि हिंग-जिऱ्याची सढळ फोडणी दिलेली वालाची उसळ. झाकण निघाले मात्र, दाराशी बसलेल्या बाईने नाक मुरडले आणि शेजारणीला कोकणीत काहीतरी म्हटले. शेजारीण हसू आवरीत आम्हांला म्हणाली, "त्या विचारतात, तुमच्या डब्यात काय खराब झालंय का?"

क्षणभर कोणी बोलले नाही. मग आईच पहिल्यांदा हसली आणि पदर खाली आला. अण्णा म्हणाले, "या डब्यात मीच काय तो सुखी. मला दोघांचाही त्रास नाही." सगळे हसले, पण आई त्यांच्याकडे पाहत राहिली.

मी त्यावर पुष्कळ विचार केला. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या आपल्या घरांत हिंगाने स्वयंपाकाला किती आधार दिला आहे! तो आपल्या भिंतींत, डब्यांत, कपड्यांत मुरला आहे. तरीही आपल्या घराला हिंगाचा वास येतो असे आपल्यापैकी कोणी कधी म्हणाले आहे का? नाक एखाद्या वासात काही मिनिटे राहिले की सरावते आणि त्याची दखल घेणे सोडून देते. त्यामुळे परक्याचा वास आपल्याला तत्काळ येतो. स्वतःचा कधीच नाही. आपल्या शास्त्रांत गंध हा पुद्गलाचा गुण मानून त्याचे सुगंध व दुर्गंध असे दोन भेद सांगितले आहेत. कोणता वास कोणत्या पारड्यात टाकायचा हे मात्र आपण बहुधा सवयीने ठरवतो. त्या बाईच्या टोपलीत तिच्या दृष्टीने तिच्या घराची भाकरी होती. आपले व्रत आपल्याला प्रिय आहे आणि असावे; पण दुसऱ्याच्या पोटापाण्याच्या वासाला नाक मुरडणे हा काही व्रताचा भाग नव्हे.

मट्टांचेरीला आम्ही सकाळी पोचलो. ही पेठ आपल्या लोकांना परकी नाही. गुजरात-कच्छकडील व्यापारी येथे फार पूर्वी येऊन स्थिरावले. येथील धर्मनाथ भगवानांचे मंदिर १९०४ मधले आहे. मंदिरात केशर-चंदनाचा मंद गंध आणि अंगणात कबुतरांच्या दाण्यांचा कोरडा, भुसकट वास. दर्शन घेऊन आम्ही ज्यू टाऊनच्या रस्त्याला लागलो. मिरीचे वायदे येथे १९५७ मध्ये सुरू झाले. अण्णांच्या आठवणीत या गल्लीत पाऊल टाकताच शिंक येत असे. मिरीची धूळ, सुंठीची झणझण, चुना, तागाची पोती आणि त्या सगळ्यावर खाडीची ओल.

आज त्या वखारींपैकी कित्येकांत जुन्या वस्तूंची दुकाने आहेत, कोठे कॉफी मिळते, कोठे प्रवासी राहतात. अण्णा एका दारासमोर थांबले. आत पितळी दिवे आणि लाकडी घोडे मांडले होते. "हीच," ते म्हणाले. दुकानदाराची परवानगी घेऊन आम्ही आत गेलो. मला प्रथम फक्त पॉलिशचा वास आला. "खाली वाक," अण्णा म्हणाले. मी जमिनीच्या जुन्या फळ्यांपाशी वाकलो आणि दचकलो. फळ्यांच्या फटींतून मिरी येत होती. अगदी पुसट, लाकडात मुरलेली, किंचित लिंबासारखी. मिरीचा तिखटपणा ज्या पायपरिनमध्ये असतो त्याला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. दरवळते ते तिच्यातील तेल. ते तेल धंदा गेल्यावरही फळ्यांत राहिले होते. "आहे," मी म्हणालो, "अजून आहे." अण्णांनी खाली वाकून फळीवर हात टेकला, देवळाच्या पायरीला टेकतात तसा.

पुढे एका अंगणात सुंठ वाळत होती आणि एका वखारीत मिरी निवडली जात होती. तेथे अण्णांनी माझी शाळाच घेतली. "मूठभर घे. हातात चोळ. आधी काय येतं?" मी म्हणालो, "आधी पोतं. मग मिरी." ते म्हणाले, "उलटं हवं. आधी पोतं आलं म्हणजे माल पुरता सुकलेला नाही. महिन्याभरात बुरशी धरेल." त्यांनी तो माल मला दुसऱ्या पोत्यातून घ्यायला लावला. या वेळी आधी मिरी आली. आयुष्यात प्रथमच मला 'चांगला' या शब्दाच्या आत काय असते ते दिसले.

परतीच्या गाडीत मी मनाशी हिशेब मांडला. गावाचा वास म्हणजे गावाची हवा नव्हे. तो गावाच्या हातांना असलेल्या कामाचा वास. काम हलले की वासही गाव सोडतो. मुंबईच्या मसाल्याचे घाऊक व्यापार १९९० च्या दशकात वाशीस गेले आणि मशीद बंदरच्या अनेक गल्ल्यांतला तो ठसका ओसरला. पार्ल्याचा बिस्किटांचा कारखाना १९२९ पासून चालू होता, तो २०१६ मध्ये बंद झाला. आता लोकल पार्ल्याला थांबते तेव्हा नाकाला काहीच कळत नाही. आपल्या सांगलीजवळ हरिपूरला, कृष्णा-वारणेच्या संगमाकाठी, जमिनीतल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. पेव उघडले की आत लगेच उतरायचे नसते, कोंडलेल्या हवेने माणूस गुदमरतो. त्या पहिल्या तासात बाहेर पडणारा मातकट, उबदार, दाट वास लहानपणी मी भिंतीआडून घेतला आहे. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ पेवे पाण्याने गेली आणि माल शीतगृहांत जाऊ लागला. शीतगृहे सोयीची आहेत, माल उत्तम राखतात, तक्रार नाही. पण माझ्या मुलाला पेवाचा वास मी कसा सांगणार? सांगायचा तर आता शब्दांतच.

मिरजेला उतरलो तेव्हा पहाट होती. अण्णांनी रिक्षा घराकडे न वळवता वखारीकडे नेली; नव्या हळदीची पहिली आवक आदल्या दिवशी उतरली होती. आई सामानासह रिक्षातच बसली. वखारीत अण्णांनी पोत्याच्या तळातून हळकुंड काढले, मोडले आणि या वेळी स्वतःच्या नाकाशी न नेता सरळ माझ्या हातावर ठेवले. मी वास घेतला, दुसऱ्या पोत्यातला घेतला, पुन्हा पहिल्याकडे आलो. "पहिलं मातकट-गोड आहे, कोरडं. दुसऱ्यात मागून कुबट येतं. वाळवताना ओल राहिली आहे." अण्णांनी दोन्ही तुकडे कानाशी नेऊन पुन्हा मोडले. पहिला टणकन वाजला, दुसरा वाजला नाही. त्यांनी दुसरे पोते बाजूला काढायला सांगितले. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. पण त्यानंतर तिसरे पोते त्यांनी स्वतः उघडले नाही, मला उघडू दिले.

मग घरी आलो. अकरा दिवस बंद असलेल्या घराचे कुलूप आईने काढले. मी पिशव्या उचलून आत शिरणार, तोच अण्णांनी उंबऱ्याशी माझा दंड धरला.

"बोल लवकर. थोड्या वेळात तुझंही नाक माझ्यासारखं होईल."

मी तेथेच थांबलो. आपल्या घराला काय वास येतो हे मला पंचेचाळीस वर्षांत ठाऊक नव्हते आणि आता ते कळायला दोन मिनिटे होती. "देव्हाऱ्यातलं चंदन," मी म्हणालो. "जुन्या रोजमेळांचा कागद. कपाटातला कापूर. भिंतीला ओल आहे, न्हाणीघराच्या बाजूला. आणि हळद... हळद सगळीकडे आहे, अण्णा. दारापासून."

अण्णा डोळे मिटून ऐकत होते.

"आणि हिंग?" मागून आईने विचारले.

"हिंगही आहे," मी म्हणालो, "चांगला सपाटून."